जुना डेस्कटॉप फोटो एडिटिंगसाठी वाढवायचा की बदलायचा? साताऱ्यातल्या नवख्या फोटोग्राफरांसाठी

कास पठारावरचा फुलांचा हंगाम संपत आला की साताऱ्यात फोटो काढणाऱ्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो: "पीसी फार स्लो झालाय, नवीनच घेऊ का?" लग्नसराई आटोपली की लग्नाची कामं करणारी मुलंमुली हेच विचारतात. विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा आठ-दहा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप असतो. आय३ नाहीतर आय५, ४ किंवा ८ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटबरोबरच आलेला एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा. कॅमेरा मात्र मधल्या काळात बदललेला असतो आणि त्याची एकेक रॉ फाइल (कॅमेऱ्याने फेरफार न करता ठेवलेला मूळ फोटो) २५-३० एमबीची निघते.

दुकानात विचारलं तर दोनच उत्तरं मिळतात: "रॅम टाका" किंवा "आता हा काढूनच टाका." तुम्ही रॉवर काम करता की जेपीईजीवर, अल्बम करता की फक्त इन्स्टाग्रामवर टाकता, हे कुणी विचारत नाही. पैसे मात्र तुमचेच जाणार असतात, आणि पहिल्या दोन-चार ऑर्डरींतून जमवलेले पैसे चुकीच्या वस्तूत अडकलेले बघवत नाहीत. म्हणून हा लेख. माझं म्हणणं थोडक्यात असं की, तुम्हाला नेमकं कशासाठी ताटकळावं लागतंय ते आधी मोजा. मग पैसे शक्यतो अशाच वस्तूत घाला, जी उद्या नवा कॉम्प्युटर घेतला तरी त्यात नेता येईल.

कॅबिनेट उघडण्याआधी

सगळ्या फोटोंची आणि लाइटरूम हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या कॅटलॉगची (फोटोंवर केलेल्या कामाच्या नोंदवहीची) एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा शिरलं. ज्याचा पीसी आणि बॅकअप एकाच टेबलाखाली असतो, त्याचं अशा वेळी दोन्ही एकदम जातं. साताऱ्यात पुराची भीती कमी असली, तरी वळवाच्या पावसातली वीज आणि चोरी आहेच. बॅकअप झाल्याशिवाय पुढचं काहीही करू नका.

एक संध्याकाळ मोजायला काढा

नेहमीच्या कामातले शंभर रॉ फोटो एका फोल्डरमध्ये घ्या. पीसी रीस्टार्ट करा, ब्राउझर बंद ठेवा, फोनवर स्टॉपवॉच लावा आणि वहीत लिहीत जा. इम्पोर्ट होऊन प्रीव्ह्यू तयार व्हायला किती वेळ लागला? एका फोटोवरून पुढच्यावर गेल्यावर चित्र स्वच्छ दिसायला किती? एक्स्पोजरचा स्लायडर सरकवला की बदल लगेच दिसतो की मागून येतो? ब्रश मारताना रेघ हाताबरोबर येते का? शंभर फोटो जेपीईजीमध्ये एक्स्पोर्ट व्हायला किती मिनिटं लागली? फोटोशॉप वापरत असाल तर तुमची नेहमीची सगळ्यात जड फाइल उघडा, दोन-तीन लेअर टाका, सेव्ह करा आणि तेही लिहा.

हे चालू असताना बाजूला टास्क मॅनेजर उघडा ठेवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की तो उघडतो, त्यात परफॉर्मन्स हा भाग निवडा. आता इम्पोर्ट सुरू करून डिस्कच्या आलेखाकडे बघा. जुन्या हार्ड डिस्कवर बहुतेक वेळा असं दिसतं: ॲक्टिव्ह टाइम १०० टक्क्यांना चिकटलेला, पण खाली वाचण्याचा वेग सेकंदाला जेमतेम काही एमबी. प्रोसेसर तेव्हा १५-२० टक्क्यांवर आरामात बसलेला असतो. म्हणजे डिस्क जीव तोडून पळतेय आणि बाकीचा पीसी तिची वाट बघतोय. अशा पीसीत दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला, तरी इम्पोर्टचा वेळ फारसा हलणार नाही.

मेमरीचा आलेख ९० टक्क्यांच्या वर गेला असेल, आणि फोटोशॉपमधून लाइटरूममध्ये आलं की स्क्रीन काही सेकंद गोठत असेल, तर रॅम कमी पडतेय. रॅम संपली की विंडोज उरलेला माल डिस्कवर ठेवतं. त्यामुळे रॅमचं दुखणं कधीकधी डिस्कच्या दुखण्यासारखं दिसतं, दोन्ही आलेख एकत्रच बघा.

प्रोसेसरच्या आलेखात एक गोम आहे. चार कोअरच्या प्रोसेसरवर एकच कोअर पूर्ण भरला, तरी एकूण आकडा २५ टक्केच दिसतो आणि आपण म्हणतो, प्रोसेसर तर रिकामाच आहे. आलेखावर राइट क्लिक करून तो लॉजिकल प्रोसेसरप्रमाणे वेगवेगळा दाखवायला सांगा. ब्रश मारताना एखादाच चौकोन वरपर्यंत भरत असेल, तर तिथे एका कोअरचा वेग कमी पडतोय. एक्स्पोर्टच्या वेळी सगळेच चौकोन भरले तर त्यात वावगं काही नाही, प्रोसेसर त्याचं काम करतोय. चहा पिऊन येईपर्यंत एक्स्पोर्ट संपत असेल, तर त्यापायी खर्च करू नये असं मला वाटतं. हाताखाली स्लायडर अडकतो तो त्रास खरा. त्याने नजर थकते आणि निर्णय चुकतात.

आपल्याकडे काय आहे ते ओळखा

टास्क मॅनेजरमध्येच प्रोसेसरचं नाव दिसतं. इंटेलचा असेल तर डॅशनंतरच्या चार आकड्यांतला पहिला आकडा म्हणजे जनरेशन. आय५-३४७० हा तिसऱ्या जनरेशनचा, आय५-६५०० सहाव्या, आय५-८४०० आठव्या. पाच आकडे असतील तर पहिले दोन धरायचे, म्हणजे आय५-१२४०० बाराव्या जनरेशनचा. मेमरीच्या पानावर किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत ते असतं. डिस्कच्या नावाखाली एचडीडी (फिरत्या चकतीची हार्ड डिस्क) की एसएसडी (चकती नसलेली, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) तेही लिहिलेलं असतं. मदरबोर्डचं मॉडेल पाहायला स्टार्टमध्ये एमएसइन्फो३२ टाइप करा.

जनरेशनचा आकडा का महत्त्वाचा, ते सांगतो. दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनच्या पीसीत बहुतेक वेळा एच६१ चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपचा) बोर्ड असतो. त्यात रॅम डीडीआर३ या जुन्या प्रकारची आणि तीही जास्तीत जास्त १६ जीबी. चौथ्या जनरेशनच्या एच८१ बोर्डाचीही रॅमची मर्यादा तीच. सहाव्या-सातव्या जनरेशनपासून डीडीआर४ रुळली. एच११० बोर्डावर ती ३२ जीबीपर्यंत जाते, पण डीडीआर३ चे बोर्डही त्या काळात निघाले होते, तेव्हा खात्री करून घ्या. सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या, नावावरही विसंबू नका. सहावी-सातवी आणि आठवी-नववी या दोन्ही जोड्यांच्या सॉकेटला ११५१ हेच नाव आहे, तरी सहाव्या जनरेशनच्या बोर्डावर आठव्याचा प्रोसेसर चालत नाही.

विंडोजचंही गणित इथेच येतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नावनोंदणी करून सिक्युरिटी अपडेट घेण्याची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढे चालतं. त्याआधीच्या पीसीवर ते घुसवण्याच्या युक्त्या आहेत, पण गिऱ्हाइकांचे फोटो ज्या मशीनवर आहेत त्यावर असे प्रयोग करू नका.

फुकटातले उपाय

कॅबिनेटचं झाकण काढा, ब्लोअरने धूळ उडवा. धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट कित्येक वर्षं बदलली नसेल तर बदलून घ्या, तिला फारसे पैसे पडत नाहीत. एप्रिल-मेच्या उकाड्यात पत्र्याच्या खोलीतला पीसी गरम होऊन स्वतःचा वेग कमी करतो आणि दोष मिळतो त्याच्या वयाला.

सी ड्राइव्हवर निदान पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा. लाइटरूमच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये कॅमेरा रॉ कॅशे (रॉ फोटोंचा तात्पुरता साठा) २० जीबीपर्यंत वाढवा. इम्पोर्ट करताना प्रीव्ह्यूसाठी 'एम्बेडेड अँड साइडकार' निवडा, म्हणजे कॅमेऱ्याने रॉमध्येच ठेवलेला जेपीईजी वापरला जातो आणि निवड करताना फोटो भराभर पुढे जातात. लग्नाच्या तीन हजार फोटोंतून सहाशे काढायचे असतात, तेव्हा या एका गोष्टीने संध्याकाळ वाचते. जड एडिटिंगसाठी स्मार्ट प्रीव्ह्यू, म्हणजे फोटोंच्या लहान प्रती, करून घ्या. ते लांब बाजूला २५४० पिक्सेलचे असतात, त्यामुळे जुन्या प्रोसेसरवरही स्लायडर हलके होतात.

एवढ्यावर भागलं तर इथेच थांबा, पैसे लेन्सला ठेवा.

एसएसडी: पहिला खर्च

नसेल तर आधी ही घ्या, बाकी सगळं नंतर. हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि तिच्यावरून वाचणारा काटा जागा शोधत हिंडतो. एका जागेवरून दुसरीकडे जायला साधारण दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, म्हणजे विखुरलेल्या बारीक फाइली सेकंदाला शंभरेक वाचून होतात. लाइटरूमचा कॅटलॉग आणि प्रीव्ह्यू म्हणजे असल्या बारीक वाचनांचा ढीग. साधी साटा (हार्ड डिस्कच्याच केबलने जोडायची) एसएसडी तेच काम सेकंदाला हजारोंच्या संख्येत करते.

एच६१ बोर्डाचं साटा पोर्ट जुन्या, निम्म्या वेगाचं असतं. तिथे एसएसडीला सेकंदाला ५५० एमबीच्या जागी २५०-२८० एमबीचा वेग मिळतो. तेवढ्यासाठी "तुमच्या बोर्डाला उपयोग नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. खरा फायदा जागा शोधण्यातला वेळ वाचण्याचा आहे आणि तो पुरेपूर मिळतो. एम.२ एनव्हीएमई ही थेट बोर्डावर बसणारी, त्याहून वेगवान एसएसडी मात्र बोर्डावर तसा स्लॉट असेल तरच. तिसऱ्या-चौथ्या जनरेशनच्या स्वस्त बोर्डांवर तो बहुधा नसतो.

५०० जीबी घ्या, जमलं तर एक टीबी. तिच्यावर विंडोज, सॉफ्टवेअर, कॅटलॉग, फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क (रॅम अपुरी पडली की तो वापरतो ती जागा) आणि चालू कामाचे फोटो ठेवा. काम संपलं की फोटो जुन्या हार्ड डिस्कवर हलवा. पण ती हार्ड डिस्क किती दमलीय हे क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आधी बघा. 'कॉशन' दाखवत असेल तर तिच्यावरचा माल आजच दुसरीकडे हलवा. विंडोज क्लोन करून हलवता येतं, मात्र पीसी वर्षानुवर्षं चालू असेल तर नव्याने टाकलेलं बरं. अर्धा मंदपणा जुन्या पसाऱ्याचाच असतो.

रॅम: गुणाकार करून बघा

२४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये फोटोशॉपात उघडला की दोन कोटी चाळीस लाख पिक्सेल, प्रत्येकाचे तीन रंग आणि प्रत्येक रंगाला दोन बाइट. झाले १४४ एमबी. डिस्कवर २५ एमबीची दिसणारी रॉ फाइल मेमरीत एवढी जागा घेते, आणि हा फक्त पहिला लेअर.

कासवर सीतेची आसवं काढायला जाणाऱ्यांनी हा हिशोब पुढे न्यावा. ते जांभळं-निळं फूल नखाएवढं. मॅक्रो लेन्सने जवळ गेलं की पाकळीची कड फोकसमध्ये येते, मागचा भाग पुसट होतो. म्हणून फोकस पुढेमागे सरकवत बारा फ्रेम घ्यायच्या आणि घरी येऊन फोटोशॉपात त्या एकमेकींवर बसवायच्या. बारा गुणिले १४४ म्हणजे सव्वासतराशे एमबी. त्यात ऑटो-अलाइन आणि ऑटो-ब्लेंड चालताना तयार होणारे मास्क आणि हिस्टरी धरा. विंडोज आणि लाइटरूम आधीच बसलेले असताना ८ जीबीत हे मावत नाही. हेच काम ८ बिटमध्ये केलं तर निम्म्यावर येतं, पण पाकळीच्या सावलीतल्या जांभळ्यात पट्टे दिसायची भीती राहते.

जो एकेक फोटो लाइटरूममध्ये सुधारून जेपीईजी काढतो, त्याचं ८ जीबीवर रडतखडत भागतं आणि १६ वर नीट चालतं. लेअर, स्टॅक, पॅनोरमा, अल्बमची मोठी पानं करणाऱ्याने १६ ही किमान पातळी धरावी, ३२ मिळाली तर उत्तम.

घेताना एक विचार करा. २०२५ च्या अखेरीला एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव झपाट्याने चढले. त्यामुळे गरजेपेक्षा जास्त आत्ताच भरून ठेवू नका. डीडीआर३ ची रॅम पुढच्या कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये जाणार नाही, ती नवी घेण्यात अर्थ नाही. तपासून घेतलेली सेकंड हँड पट्टी, तीही १६ जीबी पुरी करण्यापुरती, एवढंच. दोन स्लॉटमध्ये सारख्या दोन पट्ट्या लावा. पट्टी आणल्यावर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर रात्रभर चालू ठेवा. एकसुद्धा एरर आली तर दुसऱ्या दिवशी परत करा, कारण खराब रॅम फोटो सेव्ह होतानाच बिघडवू शकते.

ग्राफिक्स कार्ड कुणाला लागतं

सगळ्यांना नाही. स्लायडर, क्रॉप, रंग, स्पॉट काढणं यासाठी प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बहुतेकांना पुरतं. कार्डाची खरी गरज एआयच्या कामांना लागते. लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ ला आलेलं डीनॉइज (फोटोतले दाणे पुसणारी सोय) हे त्यातलं ठळक. धुक्यातल्या ठोसेघरचे किंवा मांडवातल्या रात्रीच्या वरातीचे वाढवलेल्या आयएसओचे फोटो ते सुरेख साफ करतं. पण कार्ड नसेल तर एका फोटोला कित्येक मिनिटं लागतात, बऱ्या कार्डावर तेच सेकंदांत होतं. वर्षातून दहा फोटो डीनॉइज करणाऱ्याने रात्री लावून झोपावं. दर लग्नाला दोनशे करायचे असतील तर कार्ड घ्या, आणि मग ८ जीबी मेमरीच्या जवळपासचं घ्या.

त्याआधी एसएमपीएसचं लेबल वाचा. कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट मोठ्या अक्षरात असतं, पण बारीक अक्षरातली १२ व्होल्टची ओळ महत्त्वाची. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड या दोघांना त्यातच भागवायचं असतं. बोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड ७० वॅटचं आहे, त्यामुळे त्याला सहसा वेगळी केबल लागत नाही आणि जुन्या पीसीत ते सोयीचं पडतं. त्याहून मोठं कार्ड म्हणजे नवा एसएमपीएस आलाच. शिवाय फार जुन्या बायोसच्या (बोर्ड सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) बोर्डावर नवं कार्ड कधीकधी डिस्प्लेच देत नाही. पीसी दुकानात नेऊन, लावून, डीनॉइज चालवून बघा आणि मगच पैसे द्या.

मॉनिटर: जो कुणी मोजत नाही

मला विचाराल तर एसएसडीनंतरचा दुसरा खर्च हाच असावा. नवखे याच्याकडे सर्वांत कमी बघतात, कारण तो मंद होत नाही, हँग होत नाही. तो गुपचूप चुकीचा रंग दाखवतो.

जुन्या पीसीबरोबर आलेला साडेअठरा इंची मॉनिटर बहुधा टीएन पॅनेलचा, म्हणजे बघायचा कोन बदलला की रंग बदलणाऱ्या जातीचा असतो. ओळखायची सोपी रीत अशी. कासच्या तेरड्याचा गुलाबी फोटो फुल स्क्रीन लावा, सरळ समोर बसून बघा आणि मग हळूहळू उभे राहा. गुलाबी फिका पडला, आकाश पांढुरकं झालं, सावलीतला काळा राखाडी झाला, तर पॅनेल टीएन. याच स्क्रीनवर तुम्ही हळदीच्या फोटोतला पिवळा किती चढवायचा ते ठरवत असता. खुर्ची दोन इंच खाली केली तर निर्णय बदलतो. आयपीएस पॅनेलवर असं होत नाही.

दुसरी तक्रार नेहमीची: "लॅबवाल्याने अल्बम काळपट काढला." बऱ्याचदा लॅबचा दोष नसतो. मॉनिटर कारखान्यातून झगझगीत ब्राइटनेसला सेट करून येतो. त्यावर फोटो उजळ दिसतो म्हणून आपण तो आणखी उजळवत नाही, आणि कागदावर काळोख उतरतो. छपाईसाठी काम करताना पडद्याची उजळता १०० ते १२० निट्सच्या (निट हे उजळता मोजायचं एकक) आसपास ठेवतात, नव्या मॉनिटरची त्याच्या दुप्पटही असते. मोजायचं यंत्र नसेल तर लॅबमधून एकही करेक्शन न करता चार प्रिंट काढून आणा, खिडकीच्या उजेडात मॉनिटरशेजारी धरा आणि पडदा कागदाशी जुळेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. लॅबकडे त्यांच्या मशीनचं आणि कागदाचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल, मागा. लाइटरूमच्या डेव्हलपमध्ये एस दाबलं की सॉफ्ट प्रूफ दिसतं, तिथे ते प्रोफाइल लावून छापील रंगाचा अंदाज घेता येतो.

नवा घेताना आयपीएस आणि एसआरजीबीचा (नेहमीच्या प्रमाण रंगांचा) पूर्ण पट्टा देणारा, एवढं बघा. २४ इंची फुल एचडी चालतो, २७ इंची घेतलात तर २५६० गुणिले १४४० चा घ्या. गेमिंगचे आकडे सोडून द्या. जोडणी एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टने करा, जुन्या निळ्या व्हीजीए केबलने बारीक तपशील पुसट होतात. कॅलिब्रेशनचं (पडद्याचे रंग मोजून नीट करायचं) यंत्र एकट्याला महाग पडतं, पण महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच लागतं. चार-पाच जणांनी वर्गणी काढून एक घ्यावं.

कुठे थांबायचं

इंटेलची दुसरी-तिसरी जनरेशन असेल तर एसएसडी आणि हवी तर सेकंड हँड रॅम, त्यापुढे एक रुपया घालू नका. आय३ काढून त्याच सॉकेटचा सेकंड हँड आय७ टाकायचा सल्ला मिळेल. थोडा फरक पडतोही, पण या जनरेशनच्या कुठल्याच प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ नावाची, जड आकडेमोड झटपट करणारी सोय नाही. ती २०१३ च्या चौथ्या जनरेशनपासून आली आणि नवी एडिटिंग सॉफ्टवेअर ती मागू लागली आहेत. हा पीसी वर्ष-दोन वर्षं ओढायचा आणि दरम्यान पैसे साठवायचे.

चौथी ते सातवी ही अवघड मधली जागा. एव्हीएक्स२ आहे, एसएसडी टाकल्यावर काम चांगलं चालतं, पण विंडोज ११ अधिकृतपणे नाही. छंद म्हणून करणाऱ्याने एसएसडी, १६ जीबी आणि मॉनिटर एवढं करून निवांत राहावं. ज्याचं पोट यावर आहे त्याने मॉनिटर आणि एसएसडी आत्ता घ्यावी, आणि बाकीच्या भागांचा पैसा पुढच्या मशीनला राखावा.

आठवी किंवा त्यापुढची असेल तर पीसी म्हातारा नाहीच. मोजणीत जे अडलं तेवढं बदला.

एएमडीवाल्यांचं नशीब थोडं वेगळं आहे. एएम४ सॉकेटचा बी४५० सारखा बोर्ड असेल तर बायोस अपडेट करून त्यावर रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसतो. बोर्ड, रॅम, कॅबिनेट तेच राहून पीसी कित्येक वर्षं पुढे येतो. प्रोसेसर बदलावा असं मी मनापासून सांगेन ते याच एका ठिकाणी. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी असते, त्यात नाव सापडलं तरच घ्या.

कोटेशन हातात घेऊन

आता कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे पुढच्या कॉम्प्युटरमध्ये जाणाऱ्या वस्तू: एसएसडी, मॉनिटर, यूपीएस, चांगला एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड. उजवीकडे जुन्यातच अडकणाऱ्या: डीडीआर३ रॅम, जुन्या सॉकेटचा प्रोसेसर, सेकंड हँड बोर्ड. पोवई नाक्याकडच्या दुकानांतून, ऑनलाइन आणि पुण्याहून भाव काढा आणि लिहा. उजव्या बाजूची बेरीज नव्या बोर्ड-प्रोसेसर-रॅमच्या चौथाईवर गेली की अपग्रेडचा नाद सोडा. चौथाई हा माझा आडाखा आहे. ज्याचं काम पावसाळ्यात बंद असतं आणि नवा घ्यायला सहा महिने लागणार आहेत, त्याने तो तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ताणायला हरकत नाही.

डावीकडच्या वस्तूंना पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवायला बिल सोडलं तर एसएसडीची काही वर्षांची वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर राहते. जीएसटी नोंदणी असलेल्या स्टुडिओला तो बहुधा इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून वळता करून घेता येतो. यूपीएस नसेल तर यादीत घाला, कारण लाइट गेली आणि कॅटलॉग लिहिता लिहिता पीसी बंद पडला तर कॅटलॉग बिघडतो.

वेळही बघून घ्या. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मुहूर्त थांबतात, आणि कास फुलायला ऑगस्टची अखेर उजाडते. जुलै ते ऑगस्टचा मध्य हा पीसी खोलून ठेवायला उत्तम काळ. तुळशीच्या लग्नानंतर, दोन ऑर्डरी अंगावर असताना विंडोज नव्याने टाकायला बसू नका.

बदल एकेक करा. एसएसडी बसली की तेच शंभर फोटो, तेच स्टॉपवॉच. नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहा आणि आठवडाभर काम करून मग रॅमचं ठरवा. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

नवाच घ्यायचा ठरला तर जुन्याचं काय

जुना पीसी मोडीत काढण्याआधी त्यावर लिनक्स टाकून बघा. डार्कटेबल, रॉथेरपी आणि गिम्प ही फोटो एडिटिंगची तिन्ही सॉफ्टवेअर त्यावर फुकट आहेत. नवशिक्या भावंडाला रॉ शिकायला किंवा नुसती निवड करायला एसएसडी टाकलेला तिसऱ्या जनरेशनचा पीसीही पुरतो. कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्क भरून तो घरातला बॅकअपचा साठाही होऊ शकतो.

विकणार असाल तर डिस्क काढून घ्या. नुसतं डिलीट किंवा क्विक फॉरमॅट केलेले फोटो साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत निघतात, आणि त्यावर लोकांच्या घरातल्या लग्नांचे, बारशांचे, लेकीबाळींचे फोटो असतात. डिस्क द्यावीच लागली तर विंडोजमधून फॉरमॅट करताना 'क्विक' समोरची खूण काढा, म्हणजे पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली जातात. एक टीबीला काही तास लागतात, तेवढे लागू द्या.